तांदळातले सोंडे आणि तांदळातलं पाखरू
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा लागला की या सदराकडे धान्याच्या डब्यांविषयीची पत्रं वाढतात. या वेळी मुंबई आणि आसपासच्या वाचकांची अशी पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा घोळ एकाच जागी होतो: भुंगेऱ्यावरचा उपाय पतंगावर आणि पतंगावरचा भुंगेऱ्यावर केला जातो, आणि दोन्ही किडे जागच्या जागी राहतात.

प्रश्न : आमच्याकडे एका डब्यात कोलम आहे आणि दुसऱ्यात धिरड्यांसाठी आणलेली बारीक कणी. कोलममध्ये काळे सोंडे झाले. कणीला मात्र जाळी धरली आहे, तिच्यात पांढरट अळ्या आहेत आणि झाकण उघडलं की राखाडी पाखरं उडतात. सासूबाई म्हणतात, या अळ्यांचेच पुढे सोंडे होतात. खरं आहे का?
(एक वाचक, दादर)

उत्तर : नाही. हे दोन स्वतंत्र किडे आहेत. अळी, कोष आणि मग पंखांचा किडा हा क्रम दोघांतही असतो, म्हणून गैरसमज होतो. पण जाळीतल्या अळीचं पाखरूच होणार आणि सोंड्याच्या अळीचा सोंडाच.

कोलममधला तो सोंडकिडा. काही घरांत त्याला पोरकिडा किंवा टोका म्हणतात, शास्त्रीय नाव सायटोफिलस ओरायझी. हा भुंगेरा आहे, म्हणजे त्याच्या पंखांची वरची जोडी कडक कवचासारखी असते. लांबी साधारण अडीच ते चार मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी ते काळपट. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून पाहिलात तर पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके आणि तोंडापुढे निघालेली सोंड दिसेल. मादी या सोंडेनं दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक चिकट द्रवानं बुजवून टाकते. तो दाणा बाहेरून धड दिसतो. आतली अळी बिनपायांची असते, कारण तिला कुठे जायचंच नसतं: ती दाणा आतून खाते, तिथेच तिचा कोष होतो आणि शेवटी सोंडा दाणा पोखरून बाहेर पडतो. मुंबईच्या उष्ण, दमट हवेत याला साधारण महिना ते पाच आठवडे लागतात. बाहेर आलेला सोंडा पुढे कित्येक महिने जगतो, स्वतःही दाणे खातो, आणि एक मादी आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते.

कणीतलं पाखरू म्हणजे तांदळाचा पतंग, कॉर्सायरा सेफॅलोनिका. पंख मिटून बसलं की ते १२ ते १५ मिलिमीटर लांब दिसतं. रंग राखाडी-तपकिरी, अंगावर ठळक नक्षी नाही. चिमटीत धरलं तर बोटाला भुकटी लागते, ती त्याच्या पंखांवरची खवल्यांची धूळ. हे पाखरू धान्य खातच नाही. एक-दोन आठवडे जगतं, आणि तेवढ्यात मादी शंभर-दोनशे अंडी सुटी टाकून जाते: धान्यावर, गोणीच्या विणीत, झाकणाच्या कडेला, फळीच्या फटीत. सगळं नुकसान अळी करते. तिला पाय असतात, ती हिंडते, आणि हिंडताना तोंडातून रेशीम सोडत कणी, कोंडा आणि स्वतःची विष्ठा एकमेकांना चिकटवत जाते. तुम्हाला दिसते ती जाळी हीच. वाढ पुरी झाली की ती चिवट पांढरा कोष विणते. अंड्यापासून पाखरापर्यंत पाच ते सात आठवडे जातात.

म्हणजे सोंड्याचं बालपण दाण्याच्या आत जातं आणि पतंगाचं दाण्याच्या बाहेर. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका फरकातून निघतात, म्हणून तो पक्का ध्यानात ठेवा. तुमच्या दोन डब्यांत दोन वेगळे किडे का, हेही त्यातूनच कळतं. सोंड्याच्या अळीला राहायला पुरेल एवढा भरीव दाणा लागतो, बारीक कणीत तिची सोय होत नाही. पतंगाच्या अळीला उलट फुटके दाणे, कोंडा, रवा हे सोपं जातं. सडीक कोलमपेक्षा हातसडीच्या तांदळाला जाळी लवकर धरते, कारण त्याच्यावर कोंड्याचा थर शिल्लक असतो.

रव्यात किंवा पिठात बारीक लालसर किडे दिसले तर ते सोंडे नसतात. तो पिठातला तांबडा भुंगेरा. त्याला सोंड नसते.

प्रश्न : मे महिन्यात सोसायटीच्या गच्चीवर चादर पसरून दहा किलो तांदळाला दोन दिवस ऊन दाखवलं. सगळे सोंडे गेले. तीन आठवड्यांत पुन्हा तेवढेच! ऊन कमी पडलं का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गेले ते मोठे सोंडे. उष्णता वाढली की ते तांदूळ सोडून पळतात, आणि काही नुसतेच पाय आखडून निपचित पडतात. डिवचला की मेल्याचं सोंग घेणं ही या किड्याची जुनी खोड आहे, पाच मिनिटांत तो चालायला लागतो. अंडी, अळ्या आणि कोष मात्र दाण्याच्या आतच राहिले आणि तीन आठवड्यांत त्यांचेच सोंडे झाले. त्यांना मारायचं तर दाण्याचा गाभा ५० अंश सेल्सियसच्या वर जाऊन तासभर तरी तिथे टिकायला हवा. गच्चीवर पांढऱ्या चादरीवर पसरलेल्या तांदळात एवढं सहसा साधत नाही.

शिवाय तांदळाला कडक ऊन दाखवूच नये. दाणा बाहेरून झपाट्यानं सुकतो, आत ओल राहते, आणि त्या ताणानं त्याला आडव्या भेगा जातात. असा तांदूळ धुताना आणि शिजताना तुटतो. डब्यात कणी वाढली की पतंगाला आमंत्रण, म्हणजे एका किड्याला घालवताना दुसऱ्याची तजवीज होते. ऊन गव्हाला द्या. तांदूळ सावलीत, वाऱ्यावर पसरा.

दाण्याच्या आतल्या सोंड्यावर घरात करता येण्याजोगा खात्रीचा उपाय म्हणजे फ्रीजर. तांदूळ एक-दोन किलोच्या जाड पिशव्यांत भरा, पिशवी दाबून दोन इंचांपर्यंत सपाट करा, म्हणजे थंडी मधोमध पोचते. तोंड घट्ट बंद करून उणे १८ अंशाला सात दिवस ठेवा. चार दिवसही पुरतात असं म्हणतात, पण घरच्या फ्रीजरचं दार सारखं उघडतं, म्हणून सात. बर्फाचा कप्पा वेगळा नसलेल्या छोट्या फ्रीजमध्ये हे तापमान मिळत नाही, तिथे हा उपाय करू नका. इथे बहुतेकांची एक चूक होते: पिशवी बाहेर काढल्या काढल्या उघडली जाते. मुंबईच्या हवेतलं बाष्प लगेच गार दाण्यांवर धरतं आणि आठवड्यात तांदळाला बुरशीचा वास येतो. पिशवी बंदच ठेवून रात्रभर बाहेर राहू द्या, बाहेरचा ओलावा पुसा, मग उघडून चाळा.

फ्रीजरमध्ये जागा नसेल तर चाळण. दीड मिलिमीटरच्या आसपास भोकं असलेल्या चाळणीतून सोंडे आणि पिठूळ भुकटी खाली पडते, दाणे वर राहतात. एकदा चाळून भागणार नाही. नवा सोंडा बाहेर आल्यावर अंडी घालायला लागेपर्यंत काही दिवस जातात, तेवढ्यात तो पकडायचा असतो. म्हणून दर सहा-सात दिवसांनी, सलग पाच-सहा आठवडे चाळा. खाली पडलेला ऐवज साबणाच्या पाण्यात ओता. खिडकीतून खाली टाकू नका, या किड्याला उडता येतं.

प्रश्न : जाळी लागलेले सगळे डबे महिन्यापूर्वी रिकामे केले, धान्य टाकून दिलं. तरी रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ट्यूबलाइटभोवती दोन-तीन पाखरं असतातच. येतात कुठून?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : फळ्यांतून. वाढ झालेली अळी कोष करण्यासाठी धान्य सोडून चालू लागते आणि फट शोधते. तुम्ही धान्य टाकलंत तेव्हा पुढची पिढी डब्याबाहेर पडलेली होती. सोंड्याच्या बाबतीत किडका दाणा गेला की बहुतेक प्रश्न मिटतो, पतंगाच्या बाबतीत कपाट साफ केल्याशिवाय मिटत नाही.

कपाट पूर्ण रिकामं करा. फळीवर अंथरलेला कागद किंवा प्लास्टिक काढून फेकून द्या, त्याच्या खालीच सर्वांत जास्त कोष मिळतात. मग बॅटरीच्या उजेडात बिजागऱ्या, स्क्रूची भोकं, फळी आणि भिंत यांमधली फट, बरण्यांच्या झाकणांचे आटे, झाकणातली रबरी रिंग, ट्यूबलाइटच्या पट्टीची मागची बाजू, माळ्यावरच्या गोण्या आणि पुठ्ठ्याची खोकी तपासा. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, पांढरट, कापसासारखे पण चिवट असे कोष चिकटलेले असतील. ते फडक्यानं पुसून जात नाहीत. विणायच्या सुईनं किंवा जुन्या ब्रशनं खरवडून काढा आणि व्हॅक्यूम क्लीनर असेल तर ओढून घ्या. फवारा कोषाच्या आत नीट पोचत नाही, आणि धान्याच्या फळीवर कीटकनाशक मारणं तसंही वाईटच. नंतर साबणाच्या पाण्यानं पुसा, पंखा लावून पूर्ण कोरडं होऊ द्या, फटी पुट्टीनं बुजवा.

आता ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही ते पाहा. हा पतंग नावाला तांदळाचा आहे. शेंगदाणे, तीळ, बाजरी, सुका मेवा, पोपटाचं दाणापाणी यांतही तो मजेत वाढतो. तांदूळ टाकला आणि माळ्यावर उपवासाच्या दाण्यांची अर्धी पिशवी राहिली, असं झालं असेल तर तेच तुमचं उगमस्थान. पातळ प्लास्टिकची पिशवी अळी कुरतडून पार करते, तेव्हा पिशवी बंद आहे म्हणून ती वगळू नका.

ऑनलाइन मिळणारे बहुतेक गंधसापळे दुसऱ्या एका पतंगाच्या मादीच्या गंधावर बनवलेले असतात. त्या पतंगाचे पुढचे पंख अर्धे पिवळसर आणि अर्धे तांब्याच्या रंगाचे असतात. तुमची पाखरं एकसारखी राखाडी असतील तर त्या सापळ्यावर पैसे घालू नका. भिंतीवर बसलेलं प्रत्येक पाखरू टिपा. सफाईनंतर सात आठवडे एकही दिसलं नाही तर घर मोकळं झालं असं समजा.

प्रश्न : आम्ही दर वर्षी ५० किलो तांदूळ भरतो. आई बोरिक पावडर लावायची. दुकानदार पाऱ्याच्या गोळ्या सुचवतो, शेजारी गोदामात वापरतात त्या गॅसच्या टिकड्या आणून देतो म्हणतात. चाळीतलं घर आहे, जागा कमी. काय करावं?
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर : टिकड्यांना आधी आणि ठाम नकार. त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. त्याच्यावर उतारा नाही, आणि तो तुमच्या खोलीत थांबत नाही: फटींतून, सामायिक भिंतीवरून शेजारच्या घरात जातो. प्रशिक्षित माणसांनी, बंद केलेल्या गोदामात वापरायची ही गोष्ट आहे आणि तिच्या विक्रीवर कायद्यानं निर्बंध आहेत. कोणी घरी आणून दिल्या तरी डबा उघडूही नका.

पारा विषारी आहे, खाण्याच्या धान्यात त्याला जागा नाही. बोरिकही खाण्याचं द्रव्य नव्हे. तांदूळ धुतल्यावर बरंचसं जातं, पण सगळं जातंच असं नाही, आणि लहान मूल असलेल्या घरात ते नकोच. शिवाय दाण्याच्या आत बसलेल्या अळीपर्यंत ते पोचत नाही. कडुनिंबाची पानं, लवंगा, सुक्या मिरच्या नव्या किड्याला थोडंफार दूर ठेवतात, लागलेली कीड काढत नाहीत. पानं टाकायचीच तर सावलीत कुरकुरीत वाळवून टाका. ओली पानं म्हणजे डब्यात पाणी घालणं. एरंडेल गव्हाला आणि तुरीला ठीक, १० किलोला ५० मिलिलिटर पुरतं.

तुमच्यासाठी सर्वांत चांगला उपाय हवा कोंडण्याचा. बंद डब्यात दाणे आणि किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवत आणतात. तो तीन टक्क्यांच्या खाली गेला आणि दोन-तीन आठवडे तसाच राहिला की सोंडा, पतंग, आतलं, बाहेरचं, सगळं मरतं. यासाठी ५० किलोचं एक पिंप नको, पाच किलोचे दहा डबे हवेत. एक उघडलात तरी नऊ बंद राहतात, आणि कॉटखाली रांगेत मावतात. पाच किलो तांदळाला सुमारे सव्वासहा लिटरचा डबा लागतो. तो गळ्यापर्यंत भरा, आपटून पुन्हा भरा. अर्धा रिकामा डबा या कामाचा नाही, वरच्या हवेत किड्यांना महिनाभर पुरेल एवढा प्राणवायू असतो.

प्राणवायू शोषणाऱ्या लोहभुकटीच्या पुड्या मिळतात, त्यांनी काम लवकर होतं. हिशोब असा: पाच किलो तांदळाच्या दाण्यांमध्ये जवळपास २.८ लिटर हवा असते, तिच्यात प्राणवायू सहाशे मिलिलिटरच्या आत. म्हणून ३०० मिलिलिटर प्राणवायू शोषण्याच्या क्षमतेच्या दोन पुड्या एका डब्याला. पुडी उघड्यावर तासभर राहिली की निकामी व्हायला लागते, तेव्हा सगळे डबे भरून तयार ठेवा आणि मगच पाकीट फोडा.

डबा जाड पेट प्लास्टिकचा, रबरी रिंगेच्या झाकणाचा घ्या. नेहमीच्या स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट वाटतं, पण नुकती जन्मलेली पतंगाची अळी जेमतेम एक मिलिमीटरची असते, ती कडेनं आत जाते. स्टीलचेच डबे असतील तर झाकणाच्या सांध्यावरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. तांदूळ पावसाआधी, कोरड्या हवेत भरा. दाण्यात ओल १२ टक्क्यांच्या आसपास असावी. दाताखाली धरल्यावर कट्टकन तुटला तर चालेल, दबला तर नको. ओलसर तांदूळ हवाबंद केला की आंबूस होतो. आणि जुना तळ उरला असेल तर तो आधी संपवा, डबा गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. जुन्यावर नवा ओतणं हे चाळीतल्या आणि टॉवरमधल्या, दोन्ही घरांत कीड टिकून राहण्याचं पहिलं कारण आहे.

प्रश्न : सोंडे झालेला तांदूळ खाल्ला तर चालतो का? जाळी लागलेला?
(एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : सोंड्यांत विष नसतं. मूठभर तांदूळ पाण्यात टाका. पोखरलेले दाणे वर तरंगतील. थोडेच तरंगले तर चाळून, तीन पाण्यांनी धुऊन, तरंगतं ओतून टाकून शिजवा. बरेच तरंगले, तळाला पीठ साचलं असेल, कुबट वास येत असेल तर टाकून द्या. जाळी लागलेलं मात्र ठेवू नका: त्यात विष्ठा, अळ्यांची कात आणि बुरशी गुंतलेली असते, ती धुऊन निघत नाही. पतंगाच्या खवल्यांनी काहींना शिंका आणि धाप लागते, म्हणून दमा असलेल्या माणसानं असा डबा उघडू नये. पीठ गुलाबीसर होऊन उग्र वास मारत असेल तर तो तांबड्या भुंगेऱ्याचा स्राव, ते पीठही टाकायचं.

प्रश्न : तांदळाच्या डब्यात मुंगीएवढे, काळे, पंखवाले किडे दिसले. सोंड नाही, जाळीही नाही.
(एक वाचक, वसई)

उत्तर : त्या परोपजीवी गांधीलमाश्या, दोन-तीन मिलिमीटरच्या. माणसाला त्यांचा त्रास नाही. त्यांच्यातही तोच आत-बाहेरचा फरक आहे. अॅनिसोप्टेरोमॅलस नावाची माशी दाण्यातून अंडनळी घुसवून आतल्या सोंड्याच्या अळीवर अंडं घालते, तर ब्रॅकॉन नावाची माशी जाळीतल्या पतंगाच्या अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. जाळी नाही म्हणता, तेव्हा तुमच्या तांदळात सोंडे आहेत, फक्त अजून दाण्याच्या आत आहेत. आजच फ्रीजरमध्ये टाका.

प्रश्न : भिंतीवर भोपळ्याच्या बीसारख्या करड्या चपट्या पिशव्या चालताना दिसतात. हेच पाखरू का? साड्यांना धोका?
(एक वाचक, चेंबूर)

उत्तर : तो तिसराच पतंग, त्याची अळी पिशवीसकट फिरते. धान्याला धोका नाही. ती कोळिष्टकं, केस, धूळ यांवर जगते, लोकर मिळाली तर खाते. कोपरे झाडा, लोकरी कपडे धुऊन बंद पिशवीत ठेवा. तांदळाचं पाखरू साडीला शिवत नाही.

प्रश्न : भाऊ कराडजवळ ऊस करतो. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड आणतो आणि म्हणतो, ती तांदळाच्या पाखराच्या अंड्यांची असतात. मग शेतातून घरात कीड येणार नाही का?
(एक वाचक, परळ)

उत्तर : भाऊ बरोबर सांगतात. प्रयोगशाळेत भरड ज्वारी-बाजरीवर हाच पतंग मुद्दाम वाढवतात, कारण त्याची मादी अंडी सुटी टाकते आणि ती चाळून, मापून कार्डावर चिकटवता येतात. एका कार्डावर १८ ते २० हजार बसतात. सोंड्याच्या अंड्यांचं असं कार्ड होणं शक्य नाही, एकेक अंडं दाण्यात बुजवलेलं असतं. चिकटवलेल्या अंड्यांना अतिनील किरण देऊन आतला गर्भ मारतात आणि मगच त्यांवर ट्रायकोग्रामा या सूक्ष्म गांधीलमाशीला अंडी घालू देतात; कार्डातून निघालेल्या याच माश्या शेतात खोडकिडीची अंडी मारतात. त्यामुळे उरल्यासुरल्या अंड्यांतून अळी निघत नाही.

भावाला एवढं सांगा: माशीनं अंडी घातलेली अंडी तीन-चार दिवसांत काळी पडतात, तेव्हा कार्ड काळपट दिसतंय का ते पाहूनच घ्या. पिवळट-पांढरं कार्ड अजून तयार नाही किंवा वाया गेलेलं आहे. माश्या आधीच बाहेर पडून पाकिटात फिरत असतील तर तेही नको. लगेच लावायचं नसेल तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात १० अंशाच्या आसपास ठेवा, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही. लावताना पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर टाचा, म्हणजे ऊन आणि पाऊस थेट लागत नाही. मुंग्या असतील तर त्या आधी आवरा, नाहीतर अंडी त्याच नेतात. आणि आधी-नंतर आठवडाभर त्या शेतात कीटकनाशकाची फवारणी नको.